टिकली शेळीचा सौदा

“हे एवढंच?”

भूपालअण्णांनी शेवटचा कागद उलटा करून पाठीमागं बघितलं. पाठ कोरी होती. मग त्यांनी सगळे कागद एकत्र करून तळहातावर घेतले आणि गुळाच्या ढेपेच्या वजनाचा अंदाज घ्यावा तसा हात दोनदा खालीवर केला.

“दिवाणजी, जरा शब्द मोजा हो याचे.”

दिवाणजींनी चष्मा पुसला, पेन्सिल जिभेला लावली आणि एकेका शब्दाखाली टिंब देत बसले. मी समोर पाण्याचा पेला धरून परीक्षेला बसल्यासारखी बसले होते.

“एकोणसत्तर,” दिवाणजी म्हणाले. “आणि सतरावं पान कोरंच आहे, अण्णा. बाई लिहायच्या विसरल्या वाटतं.”

“विसरले नाही,” मी म्हटलं. “ते पान शेळीनं खाल्लंय.”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, दिवाणजींकडं बघितलं आणि पुन्हा सतराव्या पानाकडं बघितलं.

“म्हणजे कोऱ्या पानाचेही पैसे मागणार तू?”

ही सत्याऐंशी सालची गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते. कसबा बावड्यात एका भाड्याच्या खोलीत बालवाडी चालवत होते आणि पोरांना एका जागी बसवण्यासाठी टिकली नावाच्या खादाड शेळीच्या गोष्टी रचत होते. टिकली पाटी खायची, खडू खायची, बाईंचा डबा खायची आणि शेवटी पुस्तकाचं पानच खाऊन टाकायची. त्या पानापाशी आलं की सव्वीस पोरं एका आवाजात किंचाळायची, आणि ती किंचाळी ऐकण्यासाठी मी तीच गोष्ट दिवसातून तीनदा सांगायची. अशा सहा गोष्टी झाल्या तेव्हा माझ्या डोक्यात पुस्तकांचं खूळ शिरलं.

भूपाल मगदूम हे शाहूपुरीतले गुळाचे अडते. दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘मगदूम आणि मंडळी, गुळाचे अडते’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘बालवाङ्मयाचे प्रकाशक’ असं लिहिलेलं होतं. त्यामागं वाङ्मयाची ओढ वगैरे काही नव्हती. गुळाच्या बॉक्सवरची लेबलं छापायला त्यांनी एक छापखाना घातला होता. गुळाचा हंगाम संपला की मशीन रिकामं पडायचं, आणि रिकामं बसलेलं काहीही अण्णांना सहन होत नसे. म्हणून उन्हाळ्यात ते पोरांची पुस्तकं छापत. शाईसुद्धा लेबलांचीच, पिवळी आणि लाल. त्यामुळं त्यांच्या पुस्तकात आकाश पिवळं असे, झाडं लाल असत आणि राजकन्येला कायम कावीळ झालेली असे.

चित्रं दस्तगीरमामा काढत. ते मूळचे सिनेमाचे बोर्ड रंगवणारे. टिकलीची गोष्ट ऐकल्यावर त्यांनी पहिला सल्ला दिला होता, “शेळी पांढरी ठेव पोरी. पांढरा रंग कागदात फुकट असतोय.” म्हणून टिकली पांढरी झाली आणि कपाळावर तेवढा एक लाल ठिपका आला.

तर अण्णा म्हणाले, “एका पुस्तकाचे चारशे. एकरकमी. सहा पुस्तकं आहेत. पैसे घेतलेस की शेळी माझी. पुढं मी ती एकदा छापीन नाहीतर शंभरदा, तिला घोडा करीन नाहीतर म्हैस, तुझा संबंध संपला.”

“पुण्यातले प्रकाशक प्रतीमागं पैसे देतात,” मी ऐकीव माहिती फेकली.

“देतात की. मीही देईन. प्रतीमागं वीस पैसे. खपली तर.” ‘तर’वर त्यांनी चांगलं वजन टाकलं. “दोन वाटा आहेत. घरी जा, विचार कर, गुरुवारी ये. एकरकमी हवं असलं तर थोडं वरखाली करू. पण आकडा रुमालाखाली.”

गुळाच्या सौद्यात तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात घालत आणि बोटं दाबून आकडा सांगत. भोवती उभ्या असलेल्यांना फक्त हलणारा रुमाल दिसे. अण्णांनी तीच रीत पुस्तकांनाही लावली होती. आकडा मोठ्यानं बोलला की त्याला पाय फुटतात असं ते म्हणत. शहरातल्या दोन-तीन मास्तरांनी त्यांना कथा विकल्या होत्या, त्यांनीही रुमालाखाली हात घातला होता.

खरं सांगायचं तर विचार करायला माझ्याकडं फारसं काही नव्हतंच. बालवाडीची खोली इंगळेवहिनींची होती आणि त्यांना ती मुलाच्या शिलाईच्या दुकानासाठी एक तारखेला रिकामी हवी होती. दुसरी खोली मिळत होती, पण तिचा मालक तीन हजार रुपये अनामत मागत होता. नाहीतर सव्वीस पोरं घरी आणि मीही घरी. पुस्तकाला पाचशे मिळाले तर सहांचे बरोबर तीन हजार होत होते. वीस-वीस पैसे गोळा करत बसले असते तर पोरांना मिशा फुटल्या असत्या.

अण्णांच्या दुकानाच्या जिन्यात दस्तगीरमामा ब्रश धूत बसले होते. मी त्यांना विचारलं.

“एकरकमी घे,” ते लगेच म्हणाले. “हातात पडतंय तेवढंच आपलं. मी एका हिरोइनीचं तोंड वीस फूट उंच रंगवलं. पिक्चर पंचवीस आठवडे चालला. मला चाळीस रुपये मिळालं.”

“मग वाईट नाही वाटलं?”

“वाटलं की. पण त्याच्या आधीचा पिक्चर तीन दिवसांत पडला, त्याचंबी मला चाळीसच मिळालं. तवा लई ग्वाड वाटलं.”

हे मला पटलं. टिकली तीन दिवसांत पडणार याची मला मनातून खात्रीच होती. पोरं हसतात ती मी तोंडं वेडीवाकडी करते म्हणून, असं मला वाटायचं. नुसत्या कागदावर एकोणसत्तर शब्द कोण विकत घेणार?

घरी आप्पा होते. माझे वडील, यशवंता आडसूळ, बैलांचे दलाल. वडगावच्या बाजारात त्यांनी तीस वर्षं रुमालाखाली हात घालून बैल विकून दिले होते. पाच रुपयांसाठी ते समोरच्याशी तासभर भांडत आणि भांडण मिटल्यावर त्याच पाच रुपयांचा त्याला चहा पाजत. बोटांच्या खुणा शिकायला त्यांच्यासारखा मास्तर दुसरा कुठला मिळणार?

सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, “म्हस इकायची का दूध?”

“म्हैस, आप्पा. मला एक तारखेला पैसे पाहिजेत.”

“बरं,” ते म्हणाले आणि खांद्यावरचा टॉवेल काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. “हे बघ. येक बोट शंभर. दोन बोटं दोनशे. पाची बोटं मिळून धरलीस, आख्खा पंजा, का पाचशे. आन मग मनगाट दाबायचं. मनगाट दाबलं का पक्कं. त्येच्याम्होरं बोलायचं न्हाई.”

चार दिवस मी येताजाता आप्पांचा पंजा धरत होते. भाकरी थापताना, पाणी भरताना. एकदा तर बालवाडीत एका पोराचा हात धरून मी मनगट दाबलं, तो घाबरून रडायला लागला.

गुरुवारी मी अण्णांच्या गादीवर बसले. अण्णांनी धुवट पांढरा रुमाल टाकला. त्यांचं एक बोट आलं, मग आणखी तीन आली. चारशे. मी त्यांची पाचही बोटं एकत्र धरली, चांगली घट्ट, आणि मनगट दाबलं. अण्णांचा हात जरा थांबला. त्यांनी डोळे मिटले. मग माझं मनगट त्यांनीही दाबलं आणि एका झटक्यात रुमाल उडवला.

“पक्कं! दिवाणजी, लिहा! कुमुद आडसूळ, टिकली शेळीची पुस्तकं सहा. प्रतीमागं वीस पैसे!”

मला आधी वाटलं दिवाणजींना चिडवतायत.

“अण्णा, वीस पैसे कसले? मी पाचशे म्हटलं!”

“पाचशे? कधी?”

“आत्ता! पाच बोटं धरली की मी!”

अण्णा हसले. लहान मुलाला समजवावं तसे म्हणाले, “अगं, तुला बापानं शिकवलं ना? ती बैलाच्या बाजारातली खूण. गुळात अख्खा पंजा धरला म्हणजे माल माझाच राहू दे, विकेल तसा वाटा द्या. चुकलीस. पण आता रुमाल उठला. उठलेला रुमाल परत पडत नाही.” आणि दिवाणजींकडं वळून त्यांनी ऐटीत पुढचं सांगितलं, “लिहा, प्रत वखारीच्या बाहेर पडली की लेखिकेचे वीस पैसे लागू. नंतर कोणी म्हणायला नको, अण्णानं हिशेबात घोळ केला.”

मी सही केली. न करून काय करणार? अख्ख्या गुळाच्या बाजाराची रीत मला एकटीला थोडीच बदलता येणार होती?

वाटेत माझा सगळा राग आप्पांवर जमा झाला. घरी पोचले तेव्हा ते गोठ्यात एका खोंडाच्या शिंगांना तेल चोळत होते.

“तुमच्या बैलाच्या खुणांनी वाटोळं केलं माझं!”

मी घडलेलं सगळं भडाभडा ओकले. आप्पांचा तेलाचा हात शिंगावर तसाच राहिला.

“अण्णा असं म्हनला? पंजा म्हंजी वाटा?”

“हो! गुळात तसं असतं म्हणे!”

आप्पा पुन्हा शिंग चोळायला लागले. “असंल,” ते म्हणाले. “मला काय गुळातलं कळतंय?”

“कळत नाही तर शिकवायचं कशाला?”

असं मी त्यांना कधी बोलले नव्हते. आप्पांनी दोन्ही खोंडं सोडून गोठ्याच्या पलीकडच्या अंगाला बांधली, अलीकडचं शेण उचललं आणि खराटा घेऊन झाडायला लागले.

“येक तारखेपास्नं पोरं हितं आन,” ते म्हणाले. “सारवून देतो.”

पण मी सहजासहजी हार मानणारी नव्हते. सोमवारी परत अण्णांकडं गेले. दस्तगीरमामा चित्रं दाखवायला आलेले होते, चहा चालला होता.

“अण्णा, चूक माझी, पण मला एकरकमीच द्या. चारशे तर चारशे.”

“नाही.”

“साडेतीनशे.”

“नाही म्हटलं ना.”

“तीनशे द्या. आणि कोऱ्या पानाचं काही धरू नका.”

दस्तगीरमामांना चहाचा ठसका लागला. “आयला! हितं चाळीस वर्सं झाली मला शाहूपुरीत. इकनारीच भाव पाडतीया आन घेनारा ऐकंना, असा सौदा न्हाई बघितला!”

अण्णांनी छातीवर हात ठेवला. “कुमुद, आमच्या घराण्यात तीन पिढ्या रुमालाखालचा शब्द फिरला नाही. तुझ्यासाठी मी पाप करू?”

इतक्या सज्जन माणसापुढं काय बोलणार? मीच ओशाळले आणि त्यांच्या पाया पडून आले.

एक तारखेला बालवाडी गोठ्यात भरली. पहिल्या दिवशी पोरं खोंडांकडं बघत होती आणि खोंडं पोरांकडं, माझ्याकडं कोणाचंच लक्ष नव्हतं. पालक कुरकुर करतील असं वाटलं होतं, पण पोरं घरी जायला तयार होईनात आणि पट सव्विसाचा चौतीस झाला. आकडे शिकवायला मला मण्यांची पाटी लागेना. दोन खोंडांचे पाय किती, शिंगं किती, शेपट्या किती, एवढ्यावर पोरांचं पुष्कळ गणित उरकायचं. आप्पा दारात बसून वाखाच्या दोऱ्या वळत आणि एखादं चुकलं की माझ्या आधी तेच ओरडत.

पुस्तकं उन्हाळ्यात निघाली. पिवळं आकाश, लाल झाडं आणि त्यात पांढरीशुभ्र टिकली. मी दिवसभर ती सहा पुस्तकं हातातून खाली ठेवली नाहीत. दिवाळीला पहिला हिशेब आला. ब्याण्णव प्रती, अठरा रुपये चाळीस पैसे. मी ते पैसे आप्पांच्या पुढ्यात आपटले.

“घ्या. तुमच्या पंजाची कमाई.”

आप्पांनी त्यातलं एक नाणं उचलून तंबाखूला घेतली आणि बाकीचे माझ्याकडं सरकवले.

पुढं घडलं ते अण्णांच्या स्वभावामुळं. वखारीच्या एका कोपऱ्यात टिकलीच्या हजारो प्रती नुसत्या बसून होत्या, आणि रिकामं बसलेलं त्यांना बघवत नसे. हंगाम सुरू झाल्यावर त्यांनी मुंबई-पुण्याकडं जाणाऱ्या पाच किलोच्या प्रत्येक गुळाच्या बॉक्सवर एकेक पुस्तक सुतळीनं बांधून दिलं. फुकट. जागा तरी मोकळी होईल म्हणून. दोन महिन्यांत दुकानदारांची पत्रं सुरू झाली. कोणाला दुसरी शेळी पाहिजे होती, कोणाला तिसरी. पुण्याच्या एका वाण्यानं लिहिलं, ‘गिऱ्हाईक शेळीवाला गूळ मागतं, दुसऱ्या अडत्याचा गूळ घेत नाही. पण एका पुस्तकात एक पान कोरं येतं, तरी त्याला हात लावू नये, पोरं त्याच्यासाठीच भांडतात.’

आणि करारात लिहिलेलं होतं, प्रत वखारीच्या बाहेर पडली की लेखिकेचे वीस पैसे लागू. विकली की, असं नव्हतं लिहिलेलं. ते वाक्य अण्णांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. दिवाणजींनी जेव्हा ते त्यांना वाचून दाखवलं तेव्हा अण्णा म्हणे एक अख्खी दुपार कोणाशी बोलले नाहीत. पण पैसे दिले. पुढं शाळांच्या मागण्या आल्या, पुस्तकं दुकानांत गेली, सहाची बावीस झाली. तिसऱ्या वर्षी बालवाडीला स्वतःची खोली झाली, मग तीन झाल्या. गोठा सोडताना पोरं रडली. मी बालवाडी चालवत, लिहीत जगले, ते त्या वीस-वीस पैशांवर.

या सगळ्याचा मी एक झकास किस्सा केला होता. शिक्षकांच्या मेळाव्यात, लेखकांच्या गप्पांत, लग्नाच्या पंगतीत, कुठंही सांगायचे. ‘माझ्या अडाणी बापानं मला गुळाच्या बाजारात बैलाच्या खुणा शिकवून पाठवलं, आणि त्याच्या चुकीनं माझं नशीब उघडलं!’ आप्पांची नक्कल करायचे, टॉवेल टाकायचे, पंजा धरायचे. लोक लोटपोट व्हायचे. कधी आप्पा समोरच बसलेले असत. तेही हसत.

पंधरा वर्षांनी अण्णांची पंचाहत्तरी झाली. गुळाच्या व्यापाऱ्यांनी सभागृहात सत्कार ठेवला होता आणि माझं भाषण होतं. मी अर्थातच तो किस्सा सांगितला. मागं बसलेल्या शिक्षिका आणि पोरं हसली. पुढच्या दोन रांगांत म्हातारे अडते बसले होते, त्यातलं कोणी हसेना. मला वाटलं ऐकू आलं नसेल. म्हणून मी खूण पुन्हा करून दाखवली.

पहिल्या रांगेतले तात्या चौगुले उठले. त्यांना कमी ऐकू येई, त्यामुळं ते बोलत ते पार रस्त्यापर्यंत जाई.

“ओ बाई! गुळातबी पाच बोटं म्हंजे पाचशेच की! बैल काय, गूळ काय, खुणा त्याच. वाट्याची खूण रुमालात न्हाईच. कुणी सांगितलं तुमाला?”

सगळं सभागृह अण्णांकडं बघायला लागलं. अण्णांनी गळ्यातला हार जरा वर ओढला आणि झेंडूच्या फुलांमागं तोंड घातलं.

जेवणाच्या वेळी मी त्यांना कोपऱ्यात गाठलं. ते जिलबीचा तुकडा मोडत बसले होते.

“अण्णा, तुम्हाला त्या दिवशी बरोबर कळलं होतं. मी पाचशे म्हटलं होतं.”

“कळलं होतं.”

“मग?”

“आता काय लपवायचं?” त्यांनी इकडंतिकडं बघितलं. “तुला गुरुवारी बोलावलं होतं ना, त्याच्या आधी मी दोन पुस्तकवाल्यांना तुझी शेळी दाखवली. दोघंही म्हणाले, अण्णा, ही उंदीरसुद्धा खाणार नाहीत. छापायचा शब्द आणि चारशेचा आकडा मी देऊन बसलो होतो, ते मोडता येईना. तू पंजा धरलास तेव्हा सुचलं, निदान तीन हजार तरी वाचवू. वीस पैसे काय, प्रत खपलीच नाही तर कसले वीस पैसे?” त्यांनी जिलबी तोंडात टाकली. “तुला फसवायला गेलो आणि पंधरा वर्षं दर सहा महिन्यांनी दंड भरतोय बघ.”

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण मी इतकी हसले की माझ्या हातातलं ताट कलंडलं. अण्णाही हसले. हसून झाल्यावर मला आप्पा आठवले. आप्पांनी तीस वर्षं रुमालाखाली हात घातला होता. खुणा त्याच आहेत हे त्यांना माहीत नसेल?

मी रिक्षा करून थेट घरी आले. आप्पा ऐंशी पार केलेले. अंगणात बाजेवर बसून ते तळहातावर तंबाखू मळत होते.

“आप्पा, गुळातल्या आणि बैलातल्या खुणा एकच असतात.”

“असत्यात की,” ते म्हणाले.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“मला न्हाई तर कुनाला?”

“मी त्या दिवशी येऊन सांगितलं, तेव्हाच कळलं होतं अण्णा खोटं बोलले?”

“तू तोंड उघडल्याबरुबर.”

“मग बोलला का नाही? जाऊन अण्णांची गचांडी धरायची. तीन हजार वसूल करून आणले असते तुम्ही!”

“आनलं असतं,” आप्पा शांतपणे म्हणाले. “म्हनून तर गेलो न्हाई. अण्णानं खोटं कशापायी बोलावं? पैसं वाचवायला. म्हंजी त्येला वाटत हुतं शेळी मरतुकडी हाय. तुलाबी तसंच वाटत हुतं, म्हनून तू इकाय निघालीवतीस. दोघांचंबी चुकत हुतं. मी कशाला मधी पडू?”

“तुम्हाला कसं कळलं ती चालेल ते?”

आप्पांनी आयुष्यात एक अक्षर वाचलं नव्हतं. अंगठ्यानं तंबाखू चोळत ते सांगायला लागले.

“तू भाकरी करताना मला ती गोस्ट सांगायचीस. म्होरं काय हुनार ते मला ठावं असायचं. तरीबी शेळी पानाकडं निघाली का मी घास हातात धरून बसायचो. इतकी जनावरं बघितली मी, कुमदे. परत परत बघावं वाटनारं जनावर कधी कुनाला इकू दिलं न्हाई.”

मला तिथंच रडू आलं. मी म्हटलं, “पंधरा वर्षं मी चारचौघांत तुम्हाला अडाणी म्हटलं, आप्पा. तुमची नक्कल केली. तुम्ही समोर बसून हसत होता.”

“बोललो असतो तर तू पैसं मागाय गेली असतीस. पयल्या साली तर नक्कीच गेली असतीस.”

“आणि नंतर? नंतर तर सांगायचं होतं!”

“नंतर तुझा किस्सा चांगला जमला हुता,” आप्पा म्हणाले. “लोकं लई हसायची. आता बदलू नगंस.”

त्या दिवसापासून मी तो किस्सा कुठंच सांगितला नाही. आप्पा मात्र पुढं दोन वर्षं, कोणी घरी आलं की मला आग्रह करत, अगं, ते बैलाच्या खुणांचं सांग की. मी विषय बदलायचे. आता आप्पा नाहीत, आणि त्यांना अडाणी समजणारी बरीच माणसं अजून आहेत. त्यांना मीच तसं सांगितलेलं आहे. म्हणून हे लिहायला बसले.